ड्रोन उडेना! सोमवारच्या आत बाबांना बाग वरून दाखवायची आहे (नागपूर)

संत्राबाग (धागाकर्ता) · मंगळवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. राहायला मनीषनगर, गाव काटोल तालुक्यात. गावी आमची अडीच एकर संत्र्याची बाग आहे, बाबांनी लावलेली, बत्तीस वर्षांची. मागच्या तीन-चार वर्षांत डिंक्या रोगाने झाडं एकेक करून वाळत गेली. यंदा अंबिया बहारही नावापुरताच फुटला, म्हणून बाग काढायचं ठरलं. येत्या सोमवारी जेसीबी येणार. बाबांचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत, बांधापर्यंत येतात, पुढे ढेकळांतून चालवत नाही. शेवटची एक फेरी मारायची त्यांची फार इच्छा आहे. ड्रोनने सगळी बाग त्यांना वरून दाखवावी असं मी मनात घेतलं आणि त्यांना सांगूनही बसलो.

ड्रोन २०२१ मध्ये घेतलेला, २४९ ग्रॅमचा, घडी होणारा. दिवाळीनंतर कपाटातच होता. शनिवारी काढला तर बॅटरीचं बटण दाबल्यावर एकही दिवा लागेना. रात्रभर चार्जरला लावल्यावर तीनपैकी दोन बॅटऱ्या उठल्या. आता ड्रोन चालू होतो, रिमोटला जोडला जातो, कॅमेऱ्याचं चित्रही दिसतं, पण मोटरा काही फिरत नाहीत. गच्चीवर तीनदा करून पाहिलं. बर्डीतल्या एका दुकानात नेला, त्यांनी पाच मिनिटं पाहून 'मदरबोर्ड गेला, साडेआठ हजार लागतील' असं सांगितलं. भाचा म्हणतो मोटर जळाली. हातात पाच दिवस आहेत. काय करू?

चार पाती · मंगळवार, रात्री १०.०५

दादा, साडेआठ हजार आत्ताच देऊ नका. ड्रोन रिमोटला जोडला जातोय, चित्र येतंय, म्हणजे बोर्डाचा बराच भाग जिवंत आहे. आणि चारही मोटरा एकदम जळत नसतात. चारही एकदम फिरत नाहीत याचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो की ड्रोन स्वतःहून नाही म्हणतोय. का नाही म्हणतोय ते पडद्यावर लिहून येतं. आपण घाईत ती ओळ बोटाने बाजूला सारतो.

उद्या सकाळी परत लावा आणि वरच्या पट्टीत जे जे येईल ते अक्षरन् अक्षर इथे लिहा. 'काहीतरी एरर आला' असं नको. दुसरं, मोटरा सुरू करताना रिमोटवरच्या दोन्ही काड्या खाली आणि आत, एकमेकींकडे ओढून धरताय ना? नुसती डावी काडी वर ढकलून मोटर सुरू होत नाही. तिसरं, कॅमेऱ्यावरचं प्लास्टिकचं टोपण काढलं आहे ना? हे विचारतो म्हणून राग मानू नका. ते टोपण राहिलं की गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारा सांधा, अडकतो आणि ड्रोन एरर देत बसतो.

नंदनवनचा · मंगळवार, रात्री १०.३०

गच्चीवर नेमका कुठे ठेवता? माझ्याकडे हाच घोळ झाला होता. स्लॅबमध्ये सळया, बाजूला टाकीचा लोखंडी स्टँड, त्यामुळे ड्रोनमधलं होकायंत्र भरकटायचं. लाकडी स्टुलावर ठेवून पाहा. फोनच्या कव्हरला चुंबक असेल तर तेही लांब ठेवा.

संत्राबाग · बुधवार, सकाळी ७.१५

चार पाती, राग कशाचा, उलट बरं वाटलं. काड्या बरोबर ओढतोय, टोपण काढलेलं आहे. आज शांतपणे सगळं वाचलं. आधी चुंबकीय अडथळ्याचा इशारा आला. ड्रोन टाकीपासून लांब, स्टुलावर ठेवला तर तो गेला. मग दुसरी ओळ आली, जी मी शनिवारी वाचलीच नव्हती: या ठिकाणी उड्डाण निर्बंधित आहे, टेक-ऑफ होणार नाही. ॲप जुनंच आहे, दिवाळीनंतर अपडेट केलेलं नाही.

चार पाती · बुधवार, सकाळी ७.४०

सापडलं की. मनीषनगरातून सोनेगावच्या धावपट्टीवर उतरणारी विमानं डोक्यावर दिसतात ना? तिथे तुमचा ड्रोन उडायलाच नको. तो बिघडलेला नाही, आपलं काम करून राहिला आहे.

गिट्टीखदान · बुधवार, सकाळी ८.२०

ते कुलूप काढायची एक फाईल मिळते. एकदा टाकली की कुठेही उडतो. पाहिजे असेल तर मेसेज करा.

सोल्डरताई · बुधवार, सकाळी ९.००

गिट्टीखदान, ही फाईल कृपा करून कोणालाही देऊ नका. सोनेगावला प्रवासी विमानं उतरतात आणि हवाई दलाचीही ये-जा असते. उतरणारं विमान घरांवरून किती खाली असतं हे त्या भागात राहणाऱ्याला सांगायला नको. अडीचशे ग्रॅमची वस्तू त्या वेगात इंजिनात किंवा काचेवर गेली तर काय होईल याचा विचार करा. मी याबाबतीत अजिबात ऐकून घेणार नाही.

आणि उलट बाजूही सगळ्यांनी लक्षात ठेवा. ॲप अडवत नाही म्हणजे परवानगी आहे, असं नाही. काही कंपन्यांनी काही देशांत असं कुलूप काढून नुसता इशारा ठेवला आहे. आपल्याकडे पाहायचा तो सरकारचा हवाई क्षेत्राचा नकाशा. ड्रोन नियम २०२१ च्या ऑगस्टमध्ये आले, त्यात लाल, पिवळा आणि हिरवा असे तीन भाग आहेत. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाही. हिरव्या भागात १२० मीटर म्हणजे ४०० फुटांपर्यंत उडवता येतो, पण विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती मर्यादा ६० मीटर, २०० फूट आहे. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो गटात येतो, त्याला पायलटचा परवाना लागत नाही. मात्र तुमचा २४९ चा आहे हे विसरू नका. पात्यांभोवतीचं कुंपण किंवा लेन्सवरची काच लावली की तो अडीचशेच्या वर जाऊ शकतो. शिवाय पोलिसांचे तात्पुरते मनाई आदेशही निघतात, ते वेगळे.

दादा, तुमच्या शेताची जागा नकाशावर बघून घ्या आणि तिथेच चाचणी करा. होकायंत्राचं कॅलिब्रेशन, म्हणजे ते नव्याने जुळवून घेणं, गच्चीवर करू नका. लोखंडाशेजारी केलेलं कॅलिब्रेशन चुकीचंच साठवलं जातं आणि मोकळ्या शेतात गेल्यावर ड्रोन गोल गोल फिरायला लागतो.

आता मला तुमच्या बॅटऱ्यांबद्दल बोलायचं आहे. तिसरी उठली नाही म्हणालात. तिचं काय केलं?

संत्राबाग · बुधवार, दुपारी १.१०

शेत हिरव्यात आहे, पाहिलं. तिसरी अजून चार्जरलाच लावून ठेवली आहे ताई, उठेल या आशेने. एकदा दिवा लागून विझला.

सोल्डरताई · बुधवार, दुपारी १.१४

आधी ती चार्जरवरून काढा. मग पुढचं वाचा.

सोल्डरताई · बुधवार, दुपारी १.४५

मी बरीच वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमच्या बॅटरीत दोन सेल एकामागे एक जोडलेले आहेत. एक सेल पूर्ण भरला की साधारण ४.२ व्होल्ट, आणि ३ व्होल्टच्या खाली तो जाऊ द्यायचा नसतो. आतला छोटा बोर्ड स्वतःही थोडी वीज खात असतो. सहा-सात महिने कपाटात पडलेली बॅटरी हळूहळू खाली जाते आणि एका पातळीला तो बोर्ड सेल वाचवण्यासाठी सगळं बंद करून झोपी जातो. म्हणून बटण दाबूनही दिवा लागत नाही. चार्जर लावला की जाग येते. तुमच्या दोन अशाच उठल्या.

तिसरी कदाचित त्याच्याही खाली गेली असेल. सेल फार खाली गेला की आत तांब्याचे कण सुटतात आणि पुन्हा चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट होऊ शकतं. अशा बॅटरीला पुन्हा पुन्हा चार्जर लावणं म्हणजे घरात आगीला बोलावणं.

एक साधी परीक्षा करा. तिन्ही बॅटऱ्या काचेच्या टीपॉयवर आडव्या ठेवा आणि एका कोपऱ्याला बोटाने हळूच दाबा. सपाट असेल ती हलणार नाही. फुगलेली असेल ती जात्याच्या खुंट्यासारखी डुगडुगते. शिवण उसवल्यासारखी फटही दिसेल. फुगली असेल तर ती पुन्हा ड्रोनमध्ये घालायची नाही. टोचायची नाही, दाबून सपाट करायची नाही, कचऱ्याच्या गाडीतही टाकायची नाही. टोकांना चिकटपट्टी लावून, मातीच्या कुंडीत कोरड्या वाळूवर ठेवून गच्चीच्या सावलीत ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

संत्राबाग · बुधवार, सायंकाळी ६.३०

ताई, डुगडुगली. तिसरी चांगलीच फुगली आहे, दिवाणाच्या गादीवर ठेवून चार्ज करत होतो. आईला सांगितलं तर तिने हात जोडले. कुंडीत ठेवली आहे. बाकीच्या दोन सपाट आहेत, चारही दिवे लागतात.

उद्या पहाटे गावी जाऊन येतो.

चार पाती · बुधवार, रात्री ८.००

पहाटेच जा. दुपारी ४५ अंश चालू आहे. बहुतेक छोट्या ड्रोनची मर्यादा ४० अंशांपर्यंतची असते आणि गरम बॅटरी चार्जही होत नाही. बॅटऱ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. जेवणाच्या डब्याच्या जाड पिशवीत ठेवा, पण सोबत बर्फ नको, आत घाम धरतो.

संत्राबाग · गुरुवार, सकाळी १०.५०

मंडळी, अर्धी लढाई जिंकलो अन् अर्धी हरलो.

फेटरी ओलांडली तेव्हा फटफटत होतं, सहाच्या आत शेतात होतो. खळ्यातल्या सारवलेल्या जागेवर ड्रोन ठेवला. होकायंत्र तिथेच कॅलिब्रेट केलं, आधी आडवा गोल, मग नाक खाली करून उभा गोल. उपग्रह सतरा मिळाले. काड्या आत ओढल्या आणि चारही मोटरा फिरल्या! सात महिन्यांनी तो आवाज ऐकून अंगावर काटा आला.

पण डावी काडी वर केली की ड्रोन उचलत नाही, एका अंगाने कलंडतो आणि पालथा पडतो. चारदा केलं. एक पातं दगडाला लागून टवका गेला. मोटरा बोटाने फिरवल्या, सगळ्या हलक्या फिरतात, केस-दोरा काही अडकलेला नाही. आयएमयू (तोल ओळखणारा सेन्सर) सुद्धा सपाट पाटावर ठेवून कॅलिब्रेट केलं. बाबा बाजेवर बसून पाहत होते. काही बोलले नाहीत, 'थकला असेल तो, राहू दे' एवढंच म्हणाले.

चार पाती · गुरुवार, सकाळी ११.००

पाचव्यांदा करू नका. चारही वेळा एकाच बाजूला पडला की वेगवेगळ्या?

संत्राबाग · गुरुवार, सकाळी ११.०६

एकाच. पुढच्या डाव्या कोपऱ्याकडे.

चार पाती · गुरुवार, सकाळी ११.१०

मग तुमचं उत्तर त्या कोपऱ्यात आहे. हवेने किंवा सेन्सरने पडला असता तर कधी इकडे, कधी तिकडे पडला असता. ठरावीक कोपऱ्याकडे कलंडतो म्हणजे त्या हाताला उचल मिळत नाही. पाती कधी बदलली होती का? चारही हातांचे वरून, जवळून फोटो टाका. पातं आणि त्याखालचा हात दोन्ही दिसू द्या.

संत्राबाग · गुरुवार, सकाळी ११.४०

फोटो टाकले. भाच्याला फोन केला. दिवाळीत त्याने कडुनिंबाला घासून एक पातं मोडलं होतं आणि मला न सांगता पेटीतलं नवं लावलं होतं. बिचारा रडवेला झाला आहे. त्याला काही बोललो नाही.

चार पाती · गुरुवार, दुपारी १२.१५

त्याला सांगा, ही चूक जवळजवळ प्रत्येकाच्या हातून एकदा होते. माझ्याही झाली आहे.

पहिला फोटो मोठा करून पाहा. पुढच्या डाव्या हातावर खूण आहे, पण त्यावरच्या पात्यावर खूण नाही. या मॉडेलला खुणेच्या हातावर खुणेचंच पातं लागतं आणि बिनखुणेच्या हातावर बिनखुणेचं. कारण चारपैकी दोन मोटरा घड्याळाच्या दिशेने फिरतात आणि दोन उलट, समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोघी एकाच दिशेने. तसं नसतं तर ड्रोन स्वतःभोवतीच गरगरला असता. पात्यांचा पीळही त्याप्रमाणे दोन प्रकारचा असतो. उलट पिळाचं पातं लावलं की ते हवा खाली ढकलण्याऐवजी वर ढकलतं. तीन कोपरे ड्रोन उचलतायत आणि चौथ्यावरचं हे पातं त्याला खाली दाबतंय. कलंडणार नाही तर काय?

खूण पुसली असेल तरी ओळखता येतं. पातं डोळ्यांच्या रेषेत धरा. त्याची एक कड जाड आणि उंच असते, दुसरी पातळ आणि उतरती. मोटर ज्या दिशेने फिरते त्या दिशेला जाड, उंच कड पुढे असली पाहिजे.

नुसतं एक पातं बदलू नका, त्या हातावरची दोन्ही बदला. टवका गेलेलंही काढा. स्क्रू घट्ट बसवा पण पातं बोटाने सहज दुमडलं पाहिजे, आवळून जाम करू नका.

संत्राबाग · गुरुवार, रात्री ९.२०

खूण खरंच नाही! तीस वेळा पाहिलं असेल मी ते, पण दिसलं नव्हतं.

नवी अडचण अशी की खुणेची पाती पेटीत शिल्लक नाहीत आणि स्क्रू काढताना एकाची खाच घसरली. दोन दुकानं फिरलो. एकाने सांगितलं, बाहेरच्या ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, आता काही मिळणार नाही. ऑनलाइन मागवलं तर मंगळवारी येईल.

सोल्डरताई · गुरुवार, रात्री ९.४५

बंदी आहे ती तयार ड्रोनच्या आयातीवर, फेब्रुवारी २०२२ पासून. सुट्या भागांवर नाही. पण मंगळवार तुमच्या कामाचा नाही हे खरं.

घसरलेल्या स्क्रूवर रुंद रबरबँडचा तुकडा ठेवा, त्यावरून स्क्रूड्रायव्हर सरळ उभा दाबून सावकाश फिरवा. रबर खाचेत भरतं आणि पकड येते. जोर दाबण्यात लावा, फिरवण्यात नको.

नंदनवनचा · गुरुवार, रात्री १०.१०

संत्राबाग, माझ्याकडे हेच मॉडेल आहे. पात्यांचा अख्खा संच न फोडलेला पडला आहे, स्क्रूसकट. उद्या ऑफिस सुटल्यावर धंतोलीत भेटू. पैशांचं बोलू नका. नवे आले की तेवढे परत द्या.

संत्राबाग · शुक्रवार, रात्री ११.००

पाती बसली. रबरबँडने स्क्रू निघाला, ताई! नंदनवनच्या भावाने तर संचासोबत स्वतःचा स्क्रूड्रायव्हरही दिला. आता आठही पाती नवी आहेत, खुणेला खूण जुळवून, भाच्याच्याच हातून बसवून घेतली. त्याने प्रत्येक हात मोबाईलच्या उजेडात दोनदा तपासला.

रविवारी पहाटे जातो.

संत्राबाग · रविवार, सकाळी ९.३०

उडाला!

खळ्यातून सरळ वर गेला आणि दीड मीटरवर जागच्या जागी थांबला. चार पातींनी मेसेजमध्ये सांगितलं होतं तसं तिथेच मिनिटभर ठेवून चारही बाजूंना थोडा थोडा हलवून पाहिला. डुगडुग नाही, इशारा नाही. मग वर नेला.

बाबांच्या मांडीवर रिमोटचा पडदा दिला आणि उन्हासाठी वरून आईने पदर धरला. ८० मीटरवर गेल्यावर बाग जवळपास सगळी एका चित्रात आली. वीस बाय वीस फुटांवर लावलेल्या रांगा, मधली मेलेल्या झाडांची भुरकट खिंडारं, उत्तरेची विहीर. बाबांना आधी काहीच कळेना, मग विहीर ओळखली आणि तिथून रांगा मोजायला लागले. सातव्या रांगेशी 'इथं थांबव' म्हणाले. तिथून खाली आणायला लावला, अजून खाली. त्या झाडाला आजही पानं आहेत. ते त्यांनी पहिलं लावलेलं झाड, हे आम्हा भावंडांपैकी कोणालाच माहीत नव्हतं.

दोन बॅटऱ्या मिळून जवळपास चाळीस मिनिटं फिरवला. साडेसातला ऊन चढलं तसं उतरवला. आता बाबांनी जेसीबीवाल्याला फोन करून सांगितलं आहे की सातव्या रांगेतलं ते एक झाड ठेवायचं.

नंदनवनचा · रविवार, सकाळी ९.५०

वाचून डोळ्यांत पाणी आलं राजा. काकांना नमस्कार सांगा.

सोल्डरताई · रविवार, सकाळी १०.१५

फार फार बरं वाटलं. त्या झाडाच्या बुंध्याला डिंक्या असेल तर डिंक खरवडून बोर्डो मलम (मोरचूद आणि चुन्याचं) लावा, आणि शेजारच्या काढलेल्या झाडांची मुळं तिथे ठेवू नका. बॅटऱ्या थंड झाल्यावरच चार्ज करा आणि कपाटात ठेवताना पूर्ण भरून ठेवू नका, दोन दिव्यांवर ठेवा. तीन महिन्यांनी एकदा काढून पाहायच्या.

संत्राबाग · सोमवार, रात्री ८.४०

बाग काढून झाली. सातव्या रांगेतलं झाड उभं आहे, बुंध्याला मलम लावलं, बाबांनी स्वतः बसून लावून घेतलं. दोन्ही बॅटऱ्या दोन दिव्यांवर ठेवल्या, डब्यावर तारीख लिहिली. फुगलेली परवा ई-कचऱ्याला देतो. नंदनवन, तुमच्या पात्यांचा संच मागवला आहे, आला की घरी आणून देतो, सोबत मागच्या मृग बहाराच्या संत्र्यांचा आईने केलेला मुरंबा आहे.